हळदीकुंकवाच्या वाणासाठी १५० परड्या घ्यायच्या आहेत. विणणाऱ्या मावशींशी भाव करावा का?

मुग्धा_मुलुंड

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण मला खरंच मदत हवी आहे.

आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू रथसप्तमीच्या आधीच्या शनिवारी आहे. इतकी वर्षं वाण म्हणून प्लास्टिकचे डबे, स्टीलच्या वाट्या, मोबाइलचे पाउच असं सगळं लुटून झालं. त्यातलं निम्मं कुणी वापरत नाही. या वेळी मी सुचवलं की बांबूची हाताने विणलेली छोटी परडी देऊ या. देवाची फुलं ठेवा, लसूण ठेवा, नवरात्रात घट बसवायला घ्या. सगळ्यांना पटलं.

आमच्या स्टेशनबाहेर फुलवाल्यांच्या रांगेच्या टोकाला एक मावशी बसतात. सुपं, रोवळ्या, टोपल्या, दुरड्या. विकायला बसल्या तरी हात चालूच असतो. कामटीचं, म्हणजे बांबूच्या चिरलेल्या पट्टीचं, एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरतात आणि दुसरं बोटांतून असं फिरवतात की बघत राहावं. वीतभर तोंडाच्या परडीचा भाव त्यांनी ६० सांगितला. १५० लागतील म्हटल्यावर थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "५५ ने देते, ताई."

मंडळाच्या बैठकीत हे सांगितलं तर खजिनदारबाई म्हणाल्या, होलसेलमध्ये कुठलीही वस्तू निम्म्यावर येते. तू ३५ ने माग, ४० ला तुटेल. दुसऱ्या एकीने सांगितलं की क्रॉफर्ड मार्केटमध्ये असल्याच परड्या ३० ला मिळतात. आमच्याकडे वाणासाठी ७,००० रुपये आहेत.

स्वतःच्या पैशाने घेताना मी काही न बोलता ६० दिले असते. पण हे वर्गणीचे पैसे आहेत. दुसऱ्यांच्या पैशावर आपलं मन मोठं करणं मला बरोबर वाटत नाही. आणि मंडळात जाऊन "त्या गरीब आहेत हो, जाऊ द्या" असंही मला सांगायचं नाही. त्या भीक मागत नाहीत, काम करतात, आणि चोख करतात.

तर प्रश्न असा: वस्तू बनवणारं माणूसच समोर बसलं असेल तर भाव करणं योग्य आहे का? केला तर कुठवर? आणि मंडळाला काय सांगू?

---

खाडिलकर_रोड

मुग्धाताई, मी भाव करण्याच्या बाजूचा माणूस आहे आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही.

गिरगावच्या चाळीत वाढलो. दारावर बोहारीण यायची, मडकी घेऊन कुंभार यायचा, पाटा-वरवंट्याला टाकी लावणारा यायचा. आई प्रत्येकाशी भाव करायची. त्यात त्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी व्हायची, कुणाला चहा मिळायचा, कुणाची उधारी लिहून ठेवली जायची. भाव करणं म्हणजे समोरच्याला आपल्या बरोबरीचा व्यवहारी माणूस मानणं. पहिल्या बोलीला पैसे मोजून निघून जाणाऱ्या गिऱ्हाइकाचं कित्येकदा विकणाऱ्यालाही बरं वाटत नाही. त्याला चुटपुट लागते की कमीच सांगितलं वाटतं.

पण आईचे काही नेम होते, ते मीही पाळतो. भवानीच्या, म्हणजे दिवसाच्या पहिल्या विक्रीच्या वेळी हुज्जत घालायची नाही. घ्यायचं नसेल तर भाव विचारायचा नाही. त्याने "बरं, घ्या" म्हटल्यावर पुन्हा खाली उतरायचं नाही. आणि दिवस मावळताना, माल संपवून घरी जायची घाई दिसत असताना त्या घाईचा फायदा घ्यायचा नाही.

तुमच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्या. मावशींनी मागण्याआधीच पाच रुपये सोडले. १५० नगांवर ते ७५० होतात. त्या गप्प राहिल्या तेव्हा त्यांनी मनात हिशोब केला. तुम्ही फार तर ५० म्हणून बघा, आणि त्या नाही म्हणाल्या तर ५५ ला घ्या.

आणखी एक विचारा. १५० च्या १५० त्या स्वतः विणणार आहेत, की काही दुसरीकडून आणणार? आणलेल्या मालावर त्या व्यापारी आहेत, तिथे घासाघीस करायला काहीच हरकत नाही. विणलेल्या मालावर गोष्ट निराळी.

---

नीलम_भांडुप

मॉलमध्ये ६०० रुपयांची परडी आपण मुकाट्याने घेतो आणि रस्त्यावर दहा रुपयांसाठी वाद घालतो. हे थांबलंच पाहिजे. ६० द्या आणि विषय संपवा.

---

खाडिलकर_रोड

नीलमताई, मॉलमध्येही आपण भाव करतोच. सेल लागेपर्यंत थांबतो, कूपन शोधतो, दोन ॲपवर किंमत ताडून बघतो. फरक इतकाच की तिथे समोर माणूस नसतो. मुग्धाताईंचा प्रश्न नेमका समोरच्या माणसाचा आहे.

---

परळचा_बुरूड

मुग्धाताई, मी बुरडाच्या घरातला. वडील सातारा जिल्ह्यातून मुंबईला आले आणि परळला पुलाखाली बसून सुपं-टोपल्या विकल्या. मी बँकेत नोकरी करतो. आई अजून विणते आणि विकते. त्यामुळे तुमच्या ५५ आणि ४० मध्ये काय आहे ते मी आकड्यांत सांगू शकतो. मंडळाला तेच दाखवा.

आमच्याकडे असा हिशोब पडतो. वखारीतून एक चांगला लांब पेरांचा बांबू १८० च्या आसपास येतो. त्यातून वीतभर तोंडाच्या १२ परड्या निघतात, म्हणजे नगाला १५ रुपये बांबूचे. रंग, काठ बांधायची दोरी, फुटून वाया गेलेल्या कामट्या धरा ३. टेम्पोवाल्याचे २. झाले २०. हे २० कुणाशीही भाव करून कमी होत नाहीत. वखारवाला आईचं ऐकत नाही, कारण त्याचं खरं गिऱ्हाईक मांडववाले आणि परांची बांधणारे ठेकेदार. ते ट्रकने उचलतात, आई दहा-बारा बांबू घेते. २०१७ च्या शेवटी वन कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेर वाढवलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला, शेतकऱ्याला तो तोडायला आणि न्यायला सोपा झाला. चांगलंच झालं. पण मुंबईच्या वखारीत दहा बांबू मागणाऱ्या बाईचा भाव काही त्याने उतरला नाही.

आता ५५ मधून २० गेले, उरले ३५. ही मजुरी. दिवसाला फोडणं, तासणं धरून दहा परड्या होतात, म्हणजे ३५० रुपये रोज. तुम्ही ४० ला तोडलंत तर उरतात २०, म्हणजे २०० रुपये रोज. खजिनदारबाईंना वाटेल की भाव २७ टक्के उतरला. विणणाऱ्या बाईची मजुरी ४३ टक्के उतरली. कमी होते ती फक्त मजुरी. दुसरं कमी होण्यासारखं त्यात काही नाहीच.

"होलसेल" या गोष्टीबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, कारण चांगली शिकलेली माणसंही इथे चुकतात. कारखान्यात दहा हजार डबे काढले की साचा तोच, मशीन तेच, म्हणून एका डब्याचा खर्च खाली येतो. हाताच्या कामात तसं होत नाही. दीडशेवी परडी विणायला पहिलीइतकाच वेळ लागतो. उलट मुदतीत द्यायच्या असल्या की बोटं जास्त सोलतात. आईच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला कामटीच्या धारेने पडलेले घट्टे आहेत, मोठी ऑर्डर असली की त्यावर चिंधी बांधून बसते. दहा बाय बाराच्या खोलीत १५० परड्या रचायच्या कुठे, हा वेगळाच प्रश्न. रात्री आम्ही त्या खाटेखाली आणि माळ्यावर कोंबायचो.

मोठ्या ऑर्डरने एकाच बाबतीत खरंच फायदा होतो: माल विकला जाणार हे नक्की असतं. तेवढे दिवस गिऱ्हाइकाची वाट बघत फुटपाथवर बसावं लागत नाही. त्या फायद्याची किंमत मावशींनी पाच रुपये धरली आणि ती तुम्हाला आपणहून दिली. माझ्या मते ती बरोबर धरली.

क्रॉफर्ड मार्केटमधल्या ३० वाल्या परडीविषयी. एक आणून मावशींच्या परडीशेजारी ठेवा आणि मंडळात फिरवा. बांबूची बाहेरची हिरवी साल चिवट असते, आतला गाभा मऊ. साल काढून तिच्या कामट्या करायला वेळ लागतो, गाभ्याच्या पटकन होतात. गाभ्याच्या परडीवर अंगठा दाबा, ती दबते. वर्ष-दोन वर्षांत भुंगा लागून तिचा पिवळा भुगा पडायला लागतो. दुसरं, काठ बघा. विणून झालेल्या परडीचा काठ दुमडून, त्यावर दोन पट्ट्या ठेवून गुंडाळत नेणं हे फार वेळखाऊ काम. आईला काठाला जवळजवळ विणण्याइतकाच वेळ लागतो. स्वस्त मालात काठाला तार असते नाहीतर स्टेपलच्या पिना. वाण घेतलेल्या बायका परडीत हात घालणार, पिना टोचणार.

आता भाव करायचाच असेल तर कशाचा करावा, तेही सांगतो.

मुदतीचा करा. आठवड्यात हव्यात म्हणण्याऐवजी तीन आठवडे द्या. मग त्या रोजची विक्री सांभाळून विणतील, जागरण होणार नाही.

आकाराचा करा. ७,००० च्या वर जायचं नसेल तर वीतभरऐवजी चार बोटं कमी तोंडाची सांगा. बांबू कमी लागतो, वेळही कमी लागतो, भाव आपोआप उतरतो आणि मजुरीला धक्का लागत नाही. परडी लहान झाली म्हणून कुणी रागावत नाही.

रंगाचा करा. गुलाबी-हिरव्या कामट्या घातल्या की काम वाढतं. साध्या घ्या.

आणि उचल द्या. निम्मे पैसे आधी. वर लिहिलेल्या सगळ्यांपेक्षा हे मोठं आहे. बांबू उधारीवर आणला की वखारवाला वर लावतो. हातात रोख असली की आई बांबू निवडून घेते. वडिलांच्या वेळी एका मांडव-सजावटवाल्याने पंचवीस मोठ्या टोपल्या भाव जराही न पाडता घेतल्या, "बाबा, तुम्ही म्हणाल तो भाव" म्हणाला, आणि पैसे तुकड्या-तुकड्यांनी पुढच्या गणपतीपर्यंत देत राहिला. शेवटचे दिलेच नाहीत. भाव न करणारा माणूस भला असतोच असं नाही.

दीडशेतून चांगल्या-चांगल्या निवडून घेणं आणि वीस परत करणं हीसुद्धा भाव पाडण्याचीच एक रीत आहे, तेवढी करू नका. हाताचं काम आहे, एखादीचा तळ किंचित डुगडुगेल. फुटलेली असेल तर जरूर परत करा.

तुम्ही "गरीब आहेत म्हणून" नको म्हणालात ते वाचून फार बरं वाटलं. आमच्या समाजात मेदार केतय्यांना मानतात. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या काळातले शरण, म्हणजे शिवभक्त संत, बांबूच्या टोपल्या विणून पोट भरणारे. शरणांच्या शिकवणीत स्वतःच्या हातचं काम म्हणजे कायक, आणि कायक पूजेच्या जागी. माझी आई शाळेत गेली नाही, पण दया दाखवून कुणी जास्तीचे पैसे हातात कोंबले की परत करते. तिला कामाचे पैसे हवे असतात, पूर्ण आणि वेळेवर.

बाळाला पाचवीला सुपात ठेवतात, गौरीच्या ओवशाला सुपं लागतात, घट परडीत बसतात, आणि शेवटच्या प्रवासाचे बांबू-कामट्याही आमच्याकडूनच जातात. तेव्हा कुणी घासाघीस करत नाही, हे मी लहानपणी पुलाखाली बसून पाहिलेलं आहे. तिरडीच्या सामानाचा भाव कुणीच विचारत नव्हतं. वडील त्या दिवशीही नेहमीचाच भाव लावायचे.

---

करवीरकन्या_कुर्ला

परळच्या दादांनी मजुरीचं जे मांडलंय ते चपलांच्या धंद्यात अगदी तसंच आहे. माहेर कोल्हापूरचं, घरात चप्पल बनते. इथे कुर्ल्याला मी ऑर्डर घेऊन पाठवते.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार मिळून. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने तशाच चपला दाखवल्या आणि आधी कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांनी मला निषेधाचे मेसेज पाठवले. मला आनंदच झाला, खोटं का बोला. नंतर कंपनीने भारतीय हस्तकलेचं ऋण मान्य केलं. पण त्याच महिन्यात त्यांतल्याच एका बाईंनी १,४०० ची जोडी ९०० ला मागितली, "अगं, चामड्याच्या दोन पट्ट्याच तर आहेत" म्हणून.

बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं असतं ते. कमवायलाच आठवडे जातात. तळाचे थर शिवायला सूत नाही, चामड्याचीच वादी. खिळा एकही नाही. मी त्यांना रागावले नाही. वादी काढून हातात दिली आणि म्हटलं, ओढून बघा तुटते का. त्यांनी १,४०० दिले.

एक मात्र सांगते. भाव करणारं गिऱ्हाईक मला चालतं. "घरच्या कुणालातरी विचारून सांगते" म्हणून माप घेऊन जोडी बनवून झाल्यावर फोन न उचलणारं चालत नाही. त्या मापाची जोडी दुसऱ्या कुणाच्या पायात बसत नाही.

---

खाडिलकर_रोड

परळकर, तुमचा हिशोब वाचला आणि ५० मागून बघा हा माझा सल्ला मी सोडून देतो. मजुरी ३५ असेल तर त्यातले पाच मागणं म्हणजे सातवा हिस्सा मागणं.

पण एक मुद्दा मला तरीही मांडायचा आहे. गिऱ्हाइकाला हा हिशोब दिसत नाही. मला ६०, गाडीतून उतरणाऱ्याला ८० आणि शेजारच्या फुलवाल्याला ४५, असं तीन तोंडांनी बोललं गेलं की गिऱ्हाईक भाव करणारच. त्याला खरा भाव कोणता हे कळायचा दुसरा मार्गच नाही. ज्या कारागिरांना भाव करणारं गिऱ्हाईक नको आहे त्यांनी पाटी लावावी. "वीतभर परडी ६०, एकच भाव." आमच्या गिरगावात खानावळींना पाट्या असायच्या, तिथे कुणी भाव करत नसे.

---

परळचा_बुरूड

काका, तुमचं खरं आहे. आई तीन भाव सांगते, मी नाकारत नाही. पाटीचं मी तिला अनेकदा म्हटलं, स्वतः लिहूनही दिली. तिने ती लावली नाही. तिचं म्हणणं असं की पाटी वाचून माणूस पुढे जातो. भाव विचारायला थांबला की हातात परडी घेतो, आणि हातात घेतली की निम्म्या वेळा विकत घेतो. छठपूजेच्या आधी उत्तरेकडचे लोक सुपं आणि दउरे, म्हणजे मोठ्या टोपल्या, घ्यायला येतात, त्यांच्याशी तर ती तिच्या मोडक्या हिंदीत मनसोक्त भाव करते आणि तिला ते आवडतं. तेव्हा भाव करूच नये हे माझंही म्हणणं नाही. एका सुपाला पाच रुपये कमी झाले तर त्या दिवशीच्या दुसऱ्या कुणाकडून ते भरून निघतात, तिने आधीच तेवढे वर धरलेले असतात. एकगठ्ठा १५० नगांच्या ऑर्डरीत दुसरं कुणी नसतं. तिथे तुटलेला रुपया कुठूनच भरून निघत नाही.

पाटीच्या बाबतीत आई बरोबर की तुम्ही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

---

नीलम_भांडुप

दादा, सरकारी योजनेचं काय? पीएम विश्वकर्मामध्ये टोपल्या विणणारे येतात ना?

---

परळचा_बुरूड

येतात. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, १८ व्यवसाय आहेत, त्यात टोपली-चटई-झाडू बनवणारे आहेत. प्रशिक्षणाच्या दिवसांचा भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत आणि पाच टक्क्यांनी कर्ज, आधी एक लाख, ते फेडलं की दोन लाखांपर्यंत. ज्यांना दुकान टाकायचंय त्यांनी जरूर अर्ज करावा, लागल्यास मी फॉर्म भरून देतो, इथेच मेसेज करा. पण आईची अवजारं म्हणजे एक कोयता आणि एक सुरी. तिला लागते ती बसायला हक्काची जागा आणि मजुरी सुटेल असा भाव. या दोन्ही गोष्टी कुठल्या पेटीत घालून मिळत नाहीत.

---

मुग्धा_मुलुंड

सगळ्यांचे मनापासून आभार. परळचे दादा, तुमचा हिशोब कागदावर उतरवून मी बैठकीत वाचला. त्याआधी मावशींकडे जाऊन खात्री केली. त्यांचा बांबू तुमच्यापेक्षा थोडा महाग पडतो, बाकी जवळजवळ तेच. त्या आणि त्यांच्या जाऊबाई मिळून विणतात, बाहेरून काही आणणार नाहीत.

तुमच्या सांगण्यावरून चार बोटं कमी तोंडाच्या परडीचा भाव विचारला. त्यांनी एक विणूनच दाखवली, माझ्यासमोर, मी शेजारच्या दगडावर बसून होते. आधी सहा कामट्या एकमेकींवर आडव्या-उभ्या ठेवून तळ धरला, मग तो पायाखाली दाबून एक लांब कामटी वर-खाली करत फिरवत नेली. दोन वेळा तोंडात पाणी घेऊन कामट्यांवर फवारलं. काठाला आल्यावर बोलणं थांबलं. विणून झाल्यावर म्हणाल्या, ही ४६ ला होईल. म्हणजे ६,९०० रुपये. आमच्या बजेटमध्ये बसतं आणि मी एक रुपयासुद्धा मागून कमी केलेला नाही.

बैठकीत खजिनदारबाईंनी एक प्रश्न काढला आणि तो रास्त आहे. "ती दोन रुपये वर लावते आहे की नाही, हे तुला कसं कळणार?" मी म्हटलं, नाही कळणार. आपण ज्या कंत्राटदाराकडून गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं त्याने किती वर लावले तेही आपल्याला कळलं नाही, आणि तिथे आपण तीन कोटेशन घेऊन मधलं घेतलं. इथे मी माल डोळ्यांनी बनताना पाहिला आहे. नऊपैकी सात जणींनी हो म्हटलं. ज्या दोघी नाही म्हणाल्या त्यांतल्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांचं म्हणणं असं की वर्गणीतून कारागिराचं पोट बघणं हे मंडळाचं काम नाही, ते ज्याने-त्याने आपल्या खिशातून करावं. मी त्यांना सांगितलं की आपण पोट बघत नाही आहोत, आपण मजुरी देतो आहोत. त्यांना ते पटलेलं नाही. त्यांच्याशी पुन्हा बोलणार आहे, कारण त्या प्रामाणिकपणे बोलत होत्या.

आता अडचण एकच. ऑडिटसाठी बिल लागतं. मावशींकडे ना बिलबुक, ना जीएसटी नंबर. खजिनदारबाई म्हणतात बिल नसेल तर दुकानातूनच घ्यावं लागेल. काय करू?

---

परळचा_बुरूड

ताई, त्यांची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या कितीतरी खाली असणार, त्यांना जीएसटी नंबर लागतच नाही. तुमच्या मंडळाच्या नावाचं रोख खर्चाच्या व्हाउचरचं पुस्तक असतं तेच वापरा. व्हाउचरवर तारीख, "बांबूच्या परड्या १५० नग, दर ४६, एकूण ६,९००", मावशींचं नाव, सही किंवा अंगठा. फुलांच्या टोपल्यांसाठी देवस्थानं आणि शाळा आईकडून असंच घ्यायच्या. पैसे क्यूआरवर पाठवलेत तर बँकेच्या खात्यात नोंद आपोआप राहते, ऑडिटरला तेवढं पुरतं. मावशींकडे क्यूआर आहे का विचारा. नसेल तर जाऊबाईंच्या मुलाकडे असेल, पण मग व्हाउचरवर ते लिहा.

उचल किती देताय? निम्मी म्हणजे ३,४५० आजच द्या. संक्रांतीच्या तोंडावर वखारीत चांगला बांबू लगेच संपतो.

आणि परड्या आल्यावर प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून ठेवू नका. ताज्या बांबूत ओल असते, दोन दिवसांत पांढरी बुरशी धरते. गच्चीवर एक ऊन दाखवा, उलट्या घालून, आणि हळदीकुंकवापर्यंत गोणपाटावर मोकळ्या ठेवा.

---

मुग्धा_मुलुंड

क्यूआर आहे, फुलवाल्याच्या छत्रीच्या दांड्याला अडकवलेला असतो, मी बघितलाय. संध्याकाळी व्हाउचरचं पुस्तक घेऊन जाते. गच्चीची किल्ली वॉचमनकाकांकडून मागून ठेवते.

करवीरकन्या, तुमच्याकडे सहा नंबरची साधी जोडी किती दिवसांत होईल? माप तुम्ही सांगाल तसं काढून पाठवते आणि पैसे आधी देते.

---

करवीरकन्या_कुर्ला

तीन आठवडे. दोन्ही पायांचं माप कागदावर पेन्सिल उभी धरून काढा, अंगठ्याची रुंदी वेगळी लिहा. संध्याकाळी काढा, सकाळी पाय लहान असतो. निम्मे आधी, निम्मे हातात पडल्यावर.